केसांचा गठ्ठा

आता माझ्याच पापण्या खाली आल्या आहेत. वयानं येतात तशा, दोन्हीकडं सारख्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलगा म्हणतो, छोटंसं ऑपरेशन असतं, करून घे, वाचताना बोटानं डोळा उघडा धरतेस ते बघवत नाही. मी म्हणते बघू. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या पापण्या उलटून बघण्यात गेली, आता स्वतःच्या कुणापुढं नेऊन धरायचा कंटाळा येतो. ‘वर बघा, खाली बघा’ हे मी इतक्यांना म्हटलंय, की मला कुणी म्हणालं तर उठून घरी यावंसं वाटतं. पण लिहायला बसले की बोट आपोआप डोळ्याकडं जातं, आणि मग त्या बोटाखालचा डोळा आईचा वाटायला लागतो. म्हणून ते एक वर्ष एकदाचं लिहून टाकायचं ठरवलं आहे. चांगलं लिहून होईल असं नाही. लिहून झालं म्हणजे झालं.

मंगळवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो, खाली एका टेलरचं दुकान. त्याच्या मशिनची घरघर जमिनीतून वर यायची, इतकी सवयीची की ती थांबली की जेवायची वेळ झाली असं आम्ही समजायचो. आई त्याच दुकानाची हातशिलाई करायची. ब्लाउजांच्या पट्ट्या, हुक, काजं, साड्यांचे फॉल. खिडकीपाशी चटई टाकून बसायची आणि तिच्याभोवती रंगीत चिंध्या पडलेल्या असायच्या. ती आजऱ्याकडची. मामा वर्षाला घनसाळ तांदळाचं एक पोतं आणि ओल्या काजूगरांचा डबा एसटीवर घालून पाठवायचा. भात शिजला की खालचा टेलर वर मान करून विचारायचा, वैनी, आज माहेर शिजतंय वाटतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका फाउंड्रीत लेथवर होते. घरी आले की हात धुवायला त्यांना पाव तास लागायचा आणि तरी नखांत काळं राहायचंच. ते फार बोलत नसत. बोलायचं काम आईकडं होतं, आणि ती ते मोठ्यानं, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं पुरुषी करून, ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायची. मी कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली होती, हेही इथंच लिहून ठेवते.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपून मी घरी बसले होते तेव्हा आमच्या मराठीच्या बाईंनी एक काम सुचवलं. शाहूपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पुण्याकडून एक डॉक्टरीण आली होती, सबनीसबाई. पन्नाशीची, बारीक, पायात कायम कापडी बूट. ती पापण्यांवर संशोधन करत होती. लोकांना आधी ते खरंच वाटायचं नाही. डोळ्यांची डॉक्टर म्हणजे मोतीबिंदू बघणार, चष्म्याचा नंबर काढणार; ही आपली नुसती पापणी धरून उलटून बघते आणि पुढं जाते. ती म्हणायची, आत काय चाललंय ते बघणारे पुष्कळ आहेत, दाराकडं बघायला कुणाला वेळ नाही. तिला आमच्या पेठेतल्या घराघरात जाऊन विचारायचं होतं, कुणाला रांजणवाडी येते, कुणाच्या पापणीखाली खुपऱ्या आहेत, कुणाच्या पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात, आणि त्यावर घरात काय करतात. कुणी खजुराची बी उगाळून लावायचं, कुणी तळहातावर बोट घासून त्याची ऊब द्यायचं, कुणी आणखी काय. ती सगळं न हसता लिहून घ्यायला लावायची. मग दवाखान्यात रांजणवाडीवाल्या अर्ध्या लोकांना नुसता गरम पाण्याचा शेक आणि अर्ध्यांना शेक आणि मलम असं देऊन, कोण किती दिवसांत बरं होतं ते बघायची. लिहायचं काम माझं. एका माणसाला एक कागद, एका कागदावर बारा प्रश्न.

सातवा प्रश्न असा होता : ‘पापणी पडते का?’ सबनीसबाईंना विचारायचं होतं, वरची पापणी डोळ्यावर उतरते का, डोळा उघडा ठेवायला त्रास होतो का. पण त्यांनी तो लिहिला पुण्याच्या टेबलावर बसून. आमच्या पेठेत डोळ्यावरच्या त्या झाकणाला पातं म्हणतात, आणि पापणी म्हणजे पापणीचा केस. तो गालावर पडला की मुठीवर ठेवायचा, डोळे मिटून काहीतरी मागायचं आणि फुंकायचा. तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून ‘पापणी पडते का’ विचारलं की आतून उत्तर यायचं, पडती की. मी टिक करायची. पहिल्या आठवड्याचे कागद बाईंनी दोनदा मोजले. त्या हिशेबानं निम्म्या पेठेच्या पापण्या लुळ्या पडल्या होत्या. मग त्या माझ्याबरोबर आल्या. आमच्या समोरच्या शांताक्काच्या दारात त्यांनी शांताक्काचा डोळा बोटानं दाबून, उघडून, वर-खाली बघायला लावून तपासला आणि विचारलं, कधीपासून पडते? शांताक्का म्हणाली, “ल्हानपनापासनं. दर बारीला मुठीवर ठिवून मागतो, पर मिळालं काय बी न्हाय.” बाई तिथंच पायरीवर बसल्या. हसल्या नाहीत. बारा प्रश्नांचे कागद छापून झाले होते, ते बदलणं आता शक्य नव्हतं.

तोडगा मी काढला. म्हटलं, ज्यांना केस म्हणायचंय त्यांच्या सातव्या प्रश्नापुढं मी ‘केस’ असं लिहिते आणि तेवढे कागद वेगळे बांधते, म्हणजे ते मोजायचे नाहीत हे कळेल. बाईंना ते पटलं. पहिल्यांदाच त्या मला हुशार म्हणाल्या. त्यानंतर मी दारात उभी राहून उत्तर पुरतं ऐकून घ्यायलाही थांबत नसे. ‘पडती’ म्हटलं की ‘केस’. गठ्ठा वाढत गेला. त्याला मी घरातली जुनी नाडी बांधली आणि वर चिठ्ठी खोचली, ‘केस’.

आमच्या घराचा कागद सगळ्यांत शेवटी भरला. सकाळची वेळ होती, आई खिडकीत काजं करत बसली होती. मी चटईच्या कडेला मांडी घालून बसले आणि गंमत म्हणून परक्या घरी विचारावं तसं सगळं नावापासून विचारलं. रांजणवाडी? न्हाय. खुपऱ्या? ल्हानपनी हुत्या. पापणी पडते का? ती म्हणाली, पडती की, सांजच्याला. मी लिहिलं, ‘केस’. मग शेरा लिहायची जागा मोकळी दिसली म्हणून तिथं लिहिलं, ‘संध्याकाळी जास्त’. मला आठवतं, ते लिहिताना मला बरंच वाटलं होतं. बाईंना शेऱ्याच्या जागा मोकळ्या राहिलेल्या आवडत नसत. आई आणखी काही सांगणार होती बहुतेक, कारण तिची सुई थांबली होती. पण मी आठवा प्रश्न विचारून टाकला.

पुढचे चार-पाच महिने मला धड आठवत नाहीत आणि नको तितके आठवतातही. आई बदलत चालली होती. सकाळी ठीक असायची, धुणं, पाणी, भाकऱ्या सगळं उरकायची. दुपार कलली की मंदावायची. हनुवटी वर करून बघायला लागली. पापण्या डोळ्यांवर येत होत्या आणि त्यांच्या खालच्या फटीतून बघण्यासाठी ती मान मागं टाकत होती, हे आता एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा पेठेला एवढंच दिसलं की वैनी नाक वर करून बघतात. शांताक्का नळावर म्हणाली, लेक डॉक्टरणीसंगं हिंडाय लागल्यापासनं वैनी लई ताठल्यात. ते माझ्या कानावर आलं आणि मला खरं सांगायचं तर थोडा मोठेपणाच वाटला. संध्याकाळी ती बोलायला लागली की आवाज नाकातून यायचा, शब्दांच्या कडा बोथट व्हायच्या. मी एकदा तिला म्हटलं, नीट बोल गं, नाकात काय बोलतेस. त्यानंतर ती संध्याकाळी बोलायचीच कमी झाली. शिलाई मागं पडू लागली. टेलर वर येऊन सांगून गेला की दोन ब्लाउजांचे हुक भलतीकडं लागलेत. आप्पा म्हणाले, दुपारचं जरा पडत जा. ती पडायची, उठली की तासभर बरी असायची, त्यामुळं सगळ्यांनाच वाटलं की हिला झोपेचीच कमी आहे.

जेवण तर माझ्या डोळ्यांसमोर बदललं. रविवारी मटण असायचं. तांबड्या रश्श्याला आई चुलीवर भाजलेला कांदा घालायची, त्याचा वास खाली दुकानात जायचा आणि मशीन वेळेआधी थांबायची. पूर्वी ती शेवटी बसायची आणि नळी फोडून खायची, सावकाश, सगळ्यांचं उरकलं तरी तिचं चालूच. आता ती वाटीभर पांढरा रस्सा प्यायची आणि उठायची. भाकरी खायची ती आमटीत कुस्करून, आणि खाताना डाव्या हातानं खालचा जबडा धरायची. मला वाटलं दाढ दुखत असेल. लवंग धर म्हटलं. दिवसभर दवाखान्यात मी शंभर डोळे बघून आलेली असायची, पापण्यांची सालं निघालेली, पू आलेला, खपल्या धरलेल्या. घरी आल्यावर कुणाच्या तोंडाकडं बघायचीच इच्छा राहत नसे. थकवा होता, हे खरं आहे. पण ते कारण म्हणून पुढं करण्याचं वय आता माझं राहिलेलं नाही.

गणपती झाल्यावर दवाखान्यात एक नवा कारकून आला. बाई दोन आठवडे पुण्याला जाणार होत्या. जाताना त्याला सांगून गेल्या, कपाटात पाहणीचे कागद आहेत, त्यात ज्या केस असतील त्यांना पत्रं टाकून मी येईन त्या दिवशी बोलावून ठेवा. बाईंच्या मनात ज्यांना खरा आजार होता त्या लोकांच्या केस होत्या. कारकुनानं कपाट उघडलं, आणि समोरच नाडीनं नीट बांधलेला गठ्ठा, वर चिठ्ठी, ‘केस’. त्याचं काय चुकलं? त्यानं एकेक पत्ता उतरून घेतला आणि कार्डं टाकली. आपल्या पापण्यांच्या तपासणीसाठी दवाखान्यात सकाळी नऊ वाजता उपस्थित राहावे.

आमच्या घरी कार्ड आलं ते मीच वाचलं आणि काय झालं असणार ते माझ्या लगेच लक्षात आलं. चाळीसेक बायका सगळी कामं टाकून शाहूपुरीत जाणार, आणि हे सगळं माझ्या नाडीमुळं. बाई आल्या नव्हत्या, कारकुनाला सांगायला गेले तर म्हणाला आता कार्डं गेली. आईला मी म्हटलं, तू येऊ नकोस, काही गरज नाही, ऑफिसात चूक झालीय, तुझं काही नाहीये त्यात. आई पोळपाट पुसत होती. तिनं हनुवटी वर करून माझ्याकडं बघितलं.

“चूक असंल,” ती म्हणाली. “पर मला कुनीतरी बोलावलंय न्हवं? मी जाऊन येतो की.”

त्या दिवशी दवाखान्याचा व्हरांडा आमच्या पेठेनं भरून गेला होता. शांताक्का नवं लुगडं नेसून आली होती. बाई सकाळच्या गाडीनं येऊन थेट तिथं पोचल्या, पहिल्या पाच-सात जणींना बघितलं, मग मला आत बोलावून गठ्ठा पुढं ठेवला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि इतकंच म्हणाल्या, बोलावलंय आपण, तर बघितल्याशिवाय कुणाला परत पाठवायचं नाही. एकेक जण आत जायची, बाई पापणी बघायच्या, काही नाही म्हणायच्या, ती बाहेर यायची आणि बाहेरच्या सगळ्यांना सांगायची की काही नाही. बाहेर चिडचिड वाढत होती. कुणी माझ्याकडं बघून म्हणालं, ही बया आली आन् केसापायी आमचा दिस घालिवला. आई खांबाला टेकून बसली होती. तिचा नंबर मध्येच कुठंतरी होता, पण दोनदा तिचं नाव निघालं तेव्हा मीच म्हटलं, आपलं माणूस आहे, मागून जाईल. मला लाज वाटत होती. निदान माझ्या आईनं तरी कुणाचा वेळ खाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुपारी बायकांनी फडक्यात बांधून आणलेल्या भाकऱ्या सोडल्या. आईनं चतकोर खाल्ली, जबडा धरून, आणि उरलेली बांधून ठेवली.

ती आत गेली तेव्हा पाच वाजून गेले होते. व्हरांडा रिकामा झाला होता. मी तिच्या मागं होते, कागद हातात घेऊन. बाई दमल्या होत्या, हात धुऊन निघायच्या बेतात होत्या. आई दारातून हनुवटी वर करून आली आणि बाई हातातला टॉवेल तसाच धरून तिच्याकडं बघत राहिल्या. बसवलं. आपलं बोट वर धरलं आणि म्हणाल्या, इकडंच बघत राहा, खाली घेऊ नका. अर्धं मिनिट गेलं असेल. आईच्या दोन्ही पापण्या हळूहळू खाली यायला लागल्या, डावी जास्त, दुकानाचं शटर कुणी न ओढता उतरावं तशा. आईचं कपाळ आठ्यांनी भरलं, भुवया वर गेल्या, ती सगळा जोर लावत होती. पापण्या थांबल्या नाहीत. सकाळी नऊला ती आत आली असती तर बाईंना काही दिसलं नसतं. तिलाही काही नाही म्हणून परत पाठवलं असतं. मी तिला मागं ठेवलं म्हणून दिसलं, आणि मी तिला मागं का ठेवलं ते मी वर लिहिलंय.

बाईंनी मला बर्फ आणायला धाडलं. कोपऱ्यावरच्या सोडावॉटरच्या दुकानातून मी रुमालात खडा बांधून आणला. त्यांनी तो आईच्या मिटलेल्या डाव्या डोळ्यावर धरला आणि घड्याळाकडं बघत दोन मिनिटं उभ्या राहिल्या. पाणी आईच्या गालावरून पदरावर पडत होतं. मग बर्फ काढला आणि म्हणाल्या, उघडा. डावा डोळा उघडला. पुरता उघडला, सकाळचा असतो तसा. आईनं माझ्याकडं बघितलं, हनुवटी खाली होती.

“शैले,” ती म्हणाली, “तू एकच दिसतीस की.”

मला समजायला वेळ लागला. मग बाईंनी विचारलं आणि ती सांगत गेली, सरळ, भाजीचं सांगावं तसं. किती तरी महिने झाले, सांज झाली की सगळं दोन दोन दिसतंय. दोन सुया, दोन दोरे, कुठल्या सुईत ओवायचा कळत नाही. जेवताना दोन ताटं. मी कामावरून आले की दारात दोन शैला. पाणी प्यायलं की कधी नाकातून येतं, म्हणून ती आमच्यासमोर पाणी पीत नव्हती. हे मला माहीत नव्हतं. आप्पांना माहीत नव्हतं. बाईंनी तिला श्वास रोखून आकडे मोजायला लावले, आणि ती फार पुढं जाऊ शकली नाही. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हा पापणीचा आजार नाही, पापणीत आधी दिसतो एवढंच. नस सांगते पण स्नायूपर्यंत ते पोचत नाही, आणि वापरला तितका स्नायू थकतो. ह्याला मायस्थेनिया म्हणतात. आता गिळायच्या स्नायूंपर्यंत आलंय. ह्या अवस्थेत साधा ताप-खोकला झाला असता तर श्वास थांबला असता. उद्याच मिरजेला न्या, मी चिठ्ठी देते.

चिठ्ठी लिहायला त्यांनी आईचा कागद मागितला. सातव्या प्रश्नापाशी त्यांचं बोट थांबलं. ‘केस’. शेरा, ‘संध्याकाळी जास्त’. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“केसांना घड्याळ कळतं का गं?” त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता. मी उभी होते, माझ्या हातात अजून तो ओला रुमाल होता. त्यांनी आपलं पेन माझ्याकडं केलं आणि दुरुस्त कर म्हणाल्या. मी काट मारायला लागले तर हात धरला. असं गिरबटून नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आपण काय चुकलो तेही कागदावर राहिलं पाहिजे, नाहीतर मग ह्या कागदाचा उपयोग काय. मी एक रेघ मारली, शेजारी लिहिलं ‘पापणी’, तारीख घातली, सही केली. पुढं पस्तीस वर्षं त्याच दवाखान्यात मी पापण्या बघून कागद भरले, पुढं पुढं कॉम्प्युटरवर, तिथं पुसलेलं दिसतच नाही. पण ती रेघ मारताना पेन जसं जड लागलं तसं परत कधी लागलं नाही. आईनं विचारलं, काय खोडलंस? मी म्हटलं, केस. मी केस लिहिलं होतं, तुला पापणीचा केस म्हणायचंय असं मला वाटलं. घरी माझ्या तोंडून ऐकून ऐकून तीही पात्याला पापणी म्हणायला लागली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा चेहरा हलला, ओठ मध्येच वर गेले आणि कोपरे तिथंच राहिले. मला वाटलं ती चिडली, दात दाखवतेय. मी मान खाली घातली.

मिरजेत गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी एक, ती वेळ चुकवायची नाही. पहिल्या दिवशी गोळी घेऊन अर्धा तास झाला असेल, आई म्हणाली, भूक लागली. आप्पा स्टेशनजवळून उसळ आणि भाकरी घेऊन आले, आणि ती जबडा न धरता खात बसली. आप्पा तिच्याकडं बघत होते. त्यांनी काळी नखं मुठीत लपवली होती, का ते मला कळलं नाही. पुढं आई सव्वीस वर्षं जगली. गोळ्या कमी-जास्त होत राहिल्या, दोनदा फार वाईट दिवस आले, पण ते इथं नको. सगळ्या घराला चार तासांची सवय लागली. आमच्याकडं वेळ सांगताना कुणी किती वाजले म्हणत नसे, गोळीला किती अवकाश आहे असं म्हणायचे.

मिरजेहून आल्यानंतरची गोष्ट. सकाळ होती, गोळी घेतलेली होती. आई खिडकीत बसून हुक लावत होती, खाली मशीन चालू होती, मी कामावर निघायला वेणी घालत होते. एकाएकी ती हसायला लागली. चांगली मोठ्यानं, पूर्वी हसायची तशी, खांदे हलवत. मी विचारलं काय झालं. तिला बोलताच येईना. “केस, म्हनं,” ती म्हणाली आणि परत हसली. तेव्हा मला कळलं की त्या संध्याकाळी दवाखान्यात ती हसतच होती, गालांना ते जमलं नव्हतं एवढंच. मीही हसले. बरं वाटलं, वाटलं की संपलं. तिनं पदरानं डोळे पुसले, सुई परत उचलली, आणि हसता हसताच म्हणाली,

“मी सांगिटलं तवा तू कागदाकडं बघत हुतीस की गं.”

तिच्या मनात काही नव्हतं. पुढच्या हुकाला तिनं हात घातलासुद्धा. रागानं म्हणाली असती तर मी उलट बोलले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि ते तिथंच मिटलं असतं.